केसभर खाली

टाळ्या लवकर संपल्या. खरं तर एवढंच झालं. आठवड्याच्या मधल्या दिवसाचा दुपारचा प्रयोग, प्रेक्षागृह अर्धंही भरलेलं नव्हतं, आणि जी माणसं आली होती ती पोटभर जेवून सुस्तावलेली. नाचाचं गाणं संपल्यावर त्यांनी जेवढ्यास तेवढ्या टाळ्या वाजवल्या आणि हात पुन्हा मांडीवर ठेवले. माझं काम त्या टाळ्यांच्या आत असतं. नाचाच्या गाण्याला मी इलेक्ट्रिक बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवते. लगेच पुढचं गाणं ताईचं, त्याला डबल बेस, माणसाहून उंच असं लाकडी तंतुवाद्य. म्हणजे टाळ्या चालू असताना गळ्यातला पट्टा काढायचा, छोटं वाद्य स्टँडवर टेकवायचं, मागे कुशीवर निजवलेला डबल बेस उचलून उभा करायचा, त्याची मान डाव्या कानाशी घ्यायची, कड पोटाला लावायची, आणि मग अंधारात, बाकी सगळी वाद्यं गप्प असताना, एकटीने पहिला सूर धरायचा. तो सूर ऐकून ताई गायला लागते. सुट्टीच्या दिवशी लोक शिट्ट्या मारतात, 'पुन्हा, पुन्हा' म्हणून ओरडतात, तेव्हा हे सगळं उरकून नाक पुसायलाही वेळ मिळतो. त्या दुपारी वाद्य बदलून झालं, पण हात बदलायचा राहून गेला.

ज्याने ही दोन्ही वाद्यं वाजवली नाहीत त्याला हे समजावून सांगणं कंटाळवाणं आहे, तरी सांगते. इलेक्ट्रिक बेसच्या मानेवर धातूचे पडदे बसवलेले असतात. बोट पडद्याच्या थोडं अलीकडे दाबायचं; सूर पडदा ठरवतो. बोट जरा पुढेमागे पडलं तरी पडदा सांभाळून घेतो. डबल बेसची पट्टी कोरी. तिथे बोट जिथे, सूर तिथे. अंतरंही मोठी, छोट्यावर चार बोटं चार सुरांवर आरामात पसरतात, मोठ्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जोडीने लावावं लागतं, कारण एकट्या करंगळीत तेवढा जोर नसतो. त्या दुपारी मी बोट ठेवलं ते एका नसलेल्या पडद्याच्या अलीकडे. सूर केसभर खाली लागला. केसभर म्हणजे समोरच्या सुस्त माणसांपैकी एकाच्याही लक्षात येणार नाही इतका. मला कळलं, कारण मोठ्याचा सूर आधी पोटाला कळतो आणि मग कानाला. अशा चुका होतात. मी बोट सरकवणारच होते, तेवढ्यात ताईने सुरुवात केली, आणि ती माझ्याबरोबर खाली गायली. जेवढी मी खाली, नेमकी तेवढीच.

लहानपणीची एक वेळ सोडली, तर ताईने असं कधी केलेलं नाही. आम्ही बहिणी एकत्र गातोवाजवतो त्याला एक जन्म लोटला, आणि या सगळ्या काळात मी जेव्हा जेव्हा केसभर हलले तेव्हा तेव्हा ताई आपल्या जागी खुंटीसारखी उभी राहिली आणि एक भुवई वर करून तिने रंगमंचावरून खाली माझ्याकडे पाहिलं. ती भुवई मी झोपेतही ओळखेन. या वेळी भुवई हलली नाही. ताई समोर अंधारात कुठेतरी बघत गात राहिली, तल्लीन, सुंदर आणि खाली. आता बोट सरकवलं तर ती एकटी उघडी पडेल म्हणून मी जिथे होते तिथेच थांबले. पहिलं कडवं फक्त आमच्या दोघींचं असतं. दुसऱ्या कडव्याला पियानो येतो. पियानो यायच्या क्षणी माझ्या हाताने, मला न विचारता, आयुष्यभराच्या सवयीने, बोट वर सरकवून घेतलं. पियानो आणि मी एका जागी, ताई दुसऱ्या. दोन ओळी तसंच चाललं. कुणीतरी खोकलं. तिसऱ्या ओळीला कसंबसं तिला सापडलं आणि गाणं पार पडलं.

मला प्रथम जे वाटलं ते दुःख नव्हतं, पश्चात्तापही नव्हता. एखाद्या ओळखीच्या जिन्यावर शेवटची पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि तिथे सपाट जमीन लागावी तसं काहीतरी झालं. मग पुढच्या गाण्यासाठी मी पुन्हा इलेक्ट्रिक बेस गळ्यात अडकवला, बोटं पडद्यांमागे बसली, सूर आपोआप बरोबर यायला लागले, आणि मला त्या बरोबर येण्याचा थोडा राग आला.

प्रयोगानंतर मास्तर, म्हणजे आमच्या वाद्यवृंदाचे संचालक, कागद गोळा करत माझ्यापाशी आले. ते कुणावर ओरडत नाहीत. चष्मा काढून पुसतात, हे त्यांचं ओरडणं.

"ताई आज खाली गेल्या," ते म्हणाले.

"खाली मी होते. पहिला सूरच मी चुकीचा दिला. त्या माझ्यामागे आल्या."

"बहिणीची बाजू घेतेस ते ठीक आहे. पण मी इथेच उभा होतो. पियानो आला तेव्हा तू बरोबर होतीस, त्या नव्हत्या."

"मी सरकून घेतलं."

"तेच म्हणतोय. तू सरकलीस, त्यांना सरकता आलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "हे पहिल्यांदा नाही. याआधी दोनदा मी गप्प बसलो. आपण असं करू. ते गाणं तू त्या छोट्यावरच वाजव. पडद्याचा सूर हलत नाही. त्यांना पक्का आधार मिळेल, तुझी धावपळही वाचेल. मंगळवारी तालीम घेऊ. तरीही जमलं नाही, तर ते गाणं बदली मुलीला देऊ. बाकीची भूमिका ताईंचीच."

बाकीची भूमिका म्हणजे चार वाक्यं आणि एक पंखा. त्या गाण्यासाठीच ताई या नाटकात आहे, हे त्यांनाही माहीत होतं. मी "बरं" म्हटलं आणि डबल बेसवर त्याची जाड खोळ चढवायला लागले. खोळ चढवताना माणसाला आंघोळीनंतर कपडे घालायला मदत करावी तसं करावं लागतं. आधी खांदे, मग कंबर, मग चेन वर ओढायची. त्या कामात विचार करावा लागत नाही.

आमच्या खड्ड्यातून, म्हणजे रंगमंचापुढच्या त्या खोलगट जागेतून, माणसांची आधी पावलं दिसतात, मान वर केली तर चेहरे. मी नटनट्यांना चेहऱ्यांपेक्षा बुटांवरून जास्त ओळखते. नायक टाच घासत चालतो. पोलीस झालेल्या नटाचे बूट त्याला मोठे होतात, म्हणून तो अंगठा वर धरून चालतो आणि समीक्षक त्याला रुबाब म्हणतात. ताई काही महिन्यांपासून ते एक गाणं अनवाणी गाते. गाणं सुरू व्हायच्या आधी ती पडद्याआड चपला काढते आणि अगदी पुढे, माझ्या डोक्याशी येऊन उभी राहते. वर्तमानपत्रात आलं होतं की त्या अनवाणी पावलांत त्या स्त्रीचं सगळं एकाकीपण उतरलं आहे. ताईने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "बघ, चपला चावत होत्या, त्याचंही यांनी काव्य केलं." मी हसले होते. त्या दुपारी बसथांब्यावर उभी असताना मला कळलं की चपला चावत नव्हत्या. रंगमंचाच्या फळ्या आणि आमच्या खड्ड्याच्या फळ्या एकाच तुळयांवर ठोकलेल्या आहेत. डबल बेस ज्या लोखंडी सळीवर उभा राहतो ती सळी त्या फळ्यांत रुतलेली असते. मी सूर धरला की तो लाकडातून जातो. ताई पावलांनी ऐकत होती.

किंवा तसं काहीच नसेल. बस आली, मी चढले, खिडकीशी बसले आणि दुसरी शक्यता काढून बघितली. लहानपणी शाळेच्या स्पर्धेत ताई आमच्या गाण्याच्या गटापुढे उभी राहून गाणार होती आणि मी सुरुवातीचा सूर देणार होते. मी तेव्हाही उंच होते. संगीताच्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून म्हटलं होतं, "ही लांब आहे, हिला ते कपाट द्या," आणि असा माझा डबल बेसशी संबंध जुळला. पुढे कुणी विचारलं की हे वाद्य का निवडलं, तर काय सांगणार, उंचीमुळे. आई म्हणायची, माझी एक मुलगी गाते आणि दुसरी सामान वाहते. तर त्या स्पर्धेत माझे हात घामाने निसटले आणि सूर चांगला अर्धा स्वर खाली गेला. ताईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ती खाली आली. सगळा गट तिच्यामागे खाली आला. गाणं नीट झालं, कुणाला काही कळलं नाही. घरी परतताना तिने माझा कान धरला. म्हणाली, "या वेळेला आले मी तुझ्यासाठी खाली. पुन्हा येणार नाही. तुझं तू बघ." आणि त्यानंतर ती खरंच कधी आली नाही, मी चुकले की तिची भुवई वर जायची. मग त्या दुपारी ती माझ्यासाठी आली असेल का? इतक्या वर्षांनी, वयोमानाने जरा मऊ होऊन? मला ती शक्यता जास्त आवडली, आणि आवडली म्हणूनच तिचा संशय आला.

रविवारी त्यांच्याकडे गेले. भावोजी दातांचे डॉक्टर आहेत. मला मूलबाळ नाही म्हणून की काय, त्यांनी माझ्या दोन वाद्यांना थोरला आणि धाकटा अशी नावं ठेवली आहेत, आणि दार उघडल्याबरोबर ते विचारतात, "काय, थोरला बरा आहे ना? धाकटा काय म्हणतोय?" सुरुवातीला हे मला टोचायचं. पुढे मीही मनात तेच म्हणायला लागले. थोरला जड, रुसका, हवा बदलली की बिघडणारा. त्याच्याशी रोज नव्याने ओळख करून घ्यावी लागते. धाकटा कुठेही न्या, कधीही लावा, हसतमुख. पोटापाण्यासाठी मी धाकट्याला जवळ केलं तेव्हा ताईने नाक मुरडलं होतं. "तो डबा," ती म्हणाली होती, "वाजतो तुझ्या हातात आणि आवाज येतो तिसरीकडून." तिचं म्हणणं चूक नव्हतं. पण मला ते तिसरीकडून येणंच बरं वाटायचं. धाकट्यावर मी चुकत नाही. धाकटा वाजवताना मी कोण आहे याचा कुणाला पत्ता लागत नाही, मलाही नाही, आणि तेवढा वेळ विश्रांती मिळते. थोरला मात्र पोटाला टेकून सगळं विचारत बसतो.

ताई ताटं पुसत होती. टीव्हीवर कुणीतरी पुराची बातमी इतक्या मोठ्याने सांगत होतं की पाणी या खोलीत शिरतंय असं वाटावं. शेगडीवर शिट्टीची किटली ठेवलेली होती. ती वाजायला लागली. बारीक, टोकदार शिट्टी, वाढत गेली, किंचाळायला लागली. ताई ताट पुसत मला सांगत होती की तिच्या खोलीतला आरसा नाटकवाल्यांनी बदलला आणि नव्या आरशात ती जाड दिसते. किटली तिच्यापासून हातभर अंतरावर होती. मी उठून गॅस बंद केला.

"अगो बाई, उकळलं का?" ती म्हणाली.

तेवढ्यात भावोजी पेपरमागून आपल्या घोगऱ्या आवाजात पुटपुटले, "चहात साखर कमी," आणि ताई लगेच त्यांच्याकडे वळून म्हणाली, "कमीच घालते हो. रोज काय सांगता?" म्हणजे भावोजींचं पुटपुटणं पोचत होतं आणि किटलीची किंकाळी पोचत नव्हती. वरच्या सुरांचं ऐकणं गेलं होतं. खालचं शिल्लक होतं.

ताई कपडे काढायला गच्चीवर गेली तेव्हा मी टीव्हीचा आवाज कमी केला. भावोजींनी पेपर खाली घेतला.

"शेजाऱ्यांनासुद्धा आमच्याकडूनच बातम्या कळतात हल्ली," ते म्हणाले.

"डॉक्टरकडे नेलंत का?"

"दात असते तर मीच पाहिले असते. विषय काढला की उठून जाते. परवा म्हणाली, मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता. मी आयुष्यभर लोकांना तोंड उघडा सांगत आलो, आणि आता मलाच सांगतात." ते हसले नाहीत. "गाण्यात काही होत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "गाण्यात काय व्हायचंय."

हे मी का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. भावोजींना बरं वाटावं म्हणून नव्हे. गाणं गेलं तर ताई काय करेल याचं चित्र डोळ्यांपुढे आणायचा मी प्रयत्न केला आणि तिथे काहीच दिसलं नाही. नुसती एक बाई, हातात ताट, मागे किटली वाजते आहे. मला भीती वाटली. मला सहसा कशाची भीती वाटत नाही, मी खालच्या जागेवरून जग बघणारी बाई आहे, वरून काही पडलं तर आधी दुसऱ्यांच्या डोक्यावर पडतं. पण ही भीती सरळ पोटात आली, जिथे थोरला टेकतो त्याच जागी.

मंगळवारी सकाळी तालीम. सकाळचं नाटकगृह म्हणजे उघड्यावर आणून ठेवलेलं घरचं सामान; सगळं धुळकट, खरं आणि जरा लाजिरवाणं. झाडूवाली खुर्च्यांच्या रांगांतून फिरत होती. पियानोवाला केळं खात होता. मी धाकटा गळ्यात घालून स्टुलावर बसले. त्याचा स्पीकर खड्ड्याच्या कोपऱ्यात जाड गालिच्यावर ठेवलेला असतो, आवाज घुमू नये म्हणून. ताई अनवाणी पुढे आली. पावलं फळीवर स्थिरावली. मी सूर दिला. स्वच्छ, गोल, धातूने ठरवलेला सूर. ताई थांबली. अंगठ्यांनी फळी चाचपली, जशी अंधारात आपण भिंतीवर दिव्याचं बटण चाचपतो. मी पुन्हा सूर दिला. तिने श्वास घेतला आणि सुरुवात केली, आणि ती खाली होती. केसभर नव्हे, चांगली बोटभर. तिचा आणि माझा सूर एकमेकांवर घासून हवेत जी थरथर उठते ती स्पष्ट ऐकू येत होती. झाडूवालीनेही झाडू थांबवून वर पाहिलं.

मला तिच्याकडे जायचं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं. आणि धाकट्यावर जाता येत नाही. पडद्याच्या वाद्यावर तार ओढून सूर वर चढवता येतो. खाली उतरवता येत नाही. बोट कितीही मागे घेतलं तरी पडदा आपलाच सूर सांगत राहतो, मागे घेत गेलं की मग एकदम खालच्या पडद्याचा सूर येतो, मधे काही नाही. ताई त्या मधल्या जागेत उभी होती. मी इतकी वर्षं ज्या वाद्याला भरवशाचं म्हणत आले, ते माझ्या मांडीवर बसून बरोबर वाजत होतं, आणि माझी बहीण हातभर वर बुडत होती. मी वाजवणं बंद केलं.

मास्तरांनी चष्मा काढला. "ताई," ते अगदी हळू म्हणाले, "खाली जातंय."

ताईला ते ऐकू आलं नसावं. पण चष्मा दिसला. तिने मान ताठ केली. "जाणारच," ती म्हणाली. "त्या डब्यावर मी गात नसते. कोपऱ्यातून काहीतरी गुणगुणतं आणि म्हणे सूर घ्या. मला हिचा थोरला पाहिजे. तो नसेल तर खुशाल दुसरी कुणी बघा."

"तसंच बघायला लागेल की काय, म्हणतोय," मास्तर म्हणाले, पण हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

मी उभी राहिले. "गुरुवारचा प्रयोग थोरल्यावर करू द्या. दुपारचाच आहे. नाही जमलं, तर तुम्ही म्हणाल तसं. ताईंना मी सांगेन, तुम्हाला सांगावं लागणार नाही."

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. पियानोवाल्याने केळ्याची साल खिशात कोंबली. "गुरुवार," मास्तर म्हणाले.

मधल्या वेळात मी थोरल्यावर एक विचित्र रियाझ केला. आजवरचा सगळा रियाझ बोट बरोबर जागी पडावं म्हणून केलेला. आता मी बरोबर जागेवरून केसभर खाली उतरायला आणि तिथून कुणाला कळणार नाही अशा बेताने वर यायला शिकत होते. हे कुणी शिकवत नाही, शिकवणाऱ्याला नोकरीवरून काढतील. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "वाद्य बिघडलंय का हो?" मी म्हटलं, "दुरुस्तच करतेय."

गुरुवारी लोक त्याहूनही कमी होते. नाचाच्या गाण्याचे शेवटचे काही सूर मी चक्क गिळले. ढोल आणि पितळी वाद्यांच्या दणक्यात बेस गेलेला कुणाला कळत नाही; ढोलवाल्याने तेवढं चमकून पाहिलं. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा धाकटा स्टँडवर होता आणि थोरला पोटाशी. टाळ्या चालू होत्या तोवर मी डावा हात त्याच्या मानेवर नुसता ठेवून दिला, न दाबता, हातातले पडदे निघून जाईपर्यंत. मग अंधार झाला. पावलं आली. पुढे येऊन नेहमीच्या फळीवर थांबली. ती पावलं म्हातारी झाली आहेत हे मी तेव्हा पाहिलं. घोट्याशी निळ्या शिरा, आणि करंगळीचं नख रंगवायचं राहिलेलं.

मी सूर धरला. बरोबर जागी. सळीखालची फळी थरथरली आणि तिचे अंगठे खाली दाबले गेले. तिने सुरुवात केली, आणि ती केसभर खाली होती. भीतीने असेल. मंगळवारचा चष्मा तिच्याही मनात असणार, आणि भीतीने गळा आवळला की सूर उतरतोच. भुवईकडे पाहायची मला गरज नव्हती. मी बोट मागे घेतलं, त्या कोऱ्या पट्टीवर, जिथे कुठलीच खूण नाही, आणि तिच्यापाशी जाऊन थांबले. घासणं बंद झालं. फळी शांत झाली. तिचे अंगठे सैल पडले. पहिली ओळ आम्ही दोघींनी खालीच पुरी केली. समोरच्या लोकांना ती सुरेल वाटली असणार, कारण दोघीजणी एकाच जागी असल्या की ती जागा कुठली हे विचारायला पियानोच लागतो. दुसऱ्या ओळीच्या मध्ये मी निघाले. इतकी हळू की बोट हलतं आहे की नुसतं जड होतं आहे हे माझं मलाही कळेना. फळी बारीकशी कुरकुरली. तिचा अंगठा उचलला गेला, टेकला, आणि ती आली. मी थोडी पुढे, ती मागे. मी थांबले की ती थांबे. तिसऱ्या ओळीत एक मोठा श्वास आहे. त्या श्वासात मी आणखी थोडी वर गेले आणि श्वास घेऊन ती परत आली तेव्हा मला तिथेच सापडली. मास्तरांची काठी हवेत होती. पियानोवाल्याने हात उचलले. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं, ताईचंही नाही. मी फक्त एक बोट होते आणि दोन पावलं बघत होते. पियानो आला. आम्ही तिघं एकाच सुरावर होतो.

मास्तरांनी काठी खाली घेतल्यावर माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. त्यांचे कान फार चांगले आहेत. चष्मा नाकावरच राहिला.

प्रयोगानंतर मी ताईच्या खोलीत गेले. ती नव्या आरशासमोर बसून कापसाने रंग पुसत होती. गालाचा एक भाग पुसला गेला होता, दुसरा अजून तरुण होता. पावलं खुर्चीखाली एकमेकांवर ठेवलेली, धुळीने माखलेली. मी दारातच टेकून उभी राहिले. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि तिची भुवई वर गेली. किती दिवसांनी. मला एकदम रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"आज तू खाली सुरुवात केलीस," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलंच. त्या दिवशीही तूच होतीस. फळीच सांगते ना. तो डबा वाजवून वाजवून हात बिघडलाय तुझा." तिने कापूस बदलला. "मग काय करणार? आले तुझ्यासाठी खाली. आणि आणलं तुला हळूहळू वर. पियानो यायच्या आत आणलं की नाही?"

"आणलंस."

"लहानपणी कान धरून सांगितलं होतं, पुन्हा येणार नाही. पण तू सुधारायचं नाव घेत नाहीस." ती हसली. "मास्तरांना कळलं का?"

"मी सांगितलं त्यांना. खाली मी असते म्हणून."

"कशाला सांगायचं? वेडी. काढतील एखाद्या दिवशी." तिने हात मागे करून माझं मनगट धरलं, क्षणभरच, आणि सोडून दिलं. "मी आहे तोवर काही बोलणार नाहीत. मी सांभाळून घेईन. तू आपला रोज थोरलाच आणत जा. आणशील ना?"

"आणीन," मी म्हटलं.

ती आरशात गाल पुसत होती. उत्तराची वाट बघत तिने पुन्हा विचारलं, "आणशील ना गं?"

मी दारातून पुढे गेले, तिच्या पाठीशी उभी राहिले, हात तिच्या खुर्चीच्या लाकडावर ठेवला, आणि माझ्या आवाजाला जितकं खाली जाता येईल तितकं खाली जाऊन म्हटलं, "आणीन, ताई."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि तिने पायाने चपला शोधायला सुरुवात केली.